आपल्या रक्तातच नाही म्हणे!

आमच्या शाळेच्या ग्रुपवर गेल्या आठवड्यात एक फोटो आला. तालुक्याच्या कुठल्याशा आवारात वर्षानुवर्षं गंजत पडलेला वाफेचा रोड रोलर, आणि त्याच्या बॉयलरवर गॅस कटर चालवणारा माणूस. डोळ्यांना साधा चष्मा नाही, पायात स्लिपर. खाली एका वर्गमित्राचा शेरा : ‘जुनं जपणं आपल्या रक्तातच नाही. गोऱ्यांकडून शिका.’ त्यावर अंगठ्यांची रांग. मग कुणीतरी मला टॅग केलं, ‘साहेब, तुमच्याकडे काय करतात ते सांगा जरा.’

तुमच्याकडे! एकोणीस वर्षं इंग्लंडात बेडफर्डला राहून इथल्या गोष्टींना ‘आमच्याकडे’ म्हणताना माझी जीभ अजून अडखळते. गावाकडच्यांनी मात्र केव्हाच वाटणी करून टाकलीय.

तर सांगतो. शनिवारीच जवळच्या ओल्ड वॉर्डन पार्कातल्या स्टीम फेअरला, म्हणजे वाफेच्या जुन्या इंजिनांच्या जत्रेला जाऊन आलो. दर सप्टेंबरात जातो. आदल्या रात्री पाऊस झालेला, त्यामुळे गाड्या लावायच्या शेतात रबरी बूट चिखलात रुतत होते. आत शिरलं की आधी कोळशाचा आणि गरम तेलाचा वास येतो. मग दिसतात ती ट्रॅक्शन इंजिनं, रुळांशिवाय चालणारी, मागची लोखंडी चाकं पुरुषभर उंचीची. एक जण वाफ सांभाळतो, दुसरा नुसतं स्टिअरिंग. ते साखळ्यांनी जोडलेलं, त्यामुळे फेऱ्यांवर फेरे मारल्याशिवाय पुढची चाकं वळायचं नाव घेत नाहीत. सकाळी जाळ घातला की वाफ धरायला दोन-तीन तास लागतात. तोवर मालक हातात चिंधी घेऊन आधीच चकचकणारं पितळ पुन्हा पुसत बसतो. एका इंजिनाच्या चाकावरून पट्टा मळणीयंत्राला दिला होता आणि भुश्शाचा धुरळा उडत होता. आजोबांनी हे पाहिलं असतं तर तिवडा, पात, बैलांची मुसकी सगळं आठवून ते तासभर तिथून हलले नसते. हे पार्क उभं राहिलं तेही इंजिनांच्याच पैशावर. लिंकनची क्लेटन अँड शटलवर्थ कंपनी वाफेची इंजिनं आणि मळणीयंत्रं बनवायची, त्यातल्या शटलवर्थांची ही इस्टेट.

पण यात रक्तबिक्त काही नाही, हे त्या वर्गमित्राला कोण सांगणार? इथल्या गोऱ्यांनीही इंजिनं ढिगांनी मोडीत काढली. डिझेलचे ट्रॅक्टर आले तशी ही धुडं नकोशी झाली, युद्धाच्या आणि त्यानंतरच्या वर्षांत वजनावर गेली. वाचली ती कुणा खात्यामुळे नव्हे. १९५० साली अ‍ॅपलफर्ड गावच्या आर्थर नॅपर नावाच्या शेतकऱ्याने बिअरच्या पिंपावर पैज लावून आपलं मार्शल कंपनीचं इंजिन दुसऱ्याच्या इंजिनाशी पळवलं. बघायला माणसं जमली, पुढे असल्या शर्यती वाढत गेल्या आणि १९५४ मध्ये ही इंजिनं जपणाऱ्या नॅशनल ट्रॅक्शन इंजिन ट्रस्टची सुरुवात झाली. थोडक्यात, सुरुवात पैजेच्या शर्यतीने! आमचा हाच मित्र बैलगाडा शर्यतीला ‘गावठी तमाशा’ म्हणतो. २०१४ च्या बंदीला त्याने पेढे वाटायचे बाकी ठेवले होते आणि २०२३ मध्ये घटनापीठाने शर्यतीचा कायदा वैध ठरवला तेव्हा दिवसभर चिडलेला होता. इंजिनाला वेदना होत नाहीत, बैलाला होतात, हे मला कळतं. ते सोयीस्करपणे बाजूला ठेवून मी त्याला लांबलचक मेसेज लिहिला.

त्यात हेही लिहिलं, की १९६९ पासून चालत आलेली डॉर्सेटची वाफेच्या इंजिनांची प्रचंड जत्रा २०२२ नंतर खर्चापायी भरलीच नाही. या देशातलं कोळशावरचं शेवटचं वीजकेंद्र २०२४ मध्ये बंद झालं, आणि हौसेची इंजिनं मात्र धूर सोडत फिरतात. मग आता सांग, कोणाकडून काय शिकायचं?

मेसेज पाठवला आणि स्वतःवरच वैतागलो. कारण मला इतकी मिरची झोंबायचं कारण तो रोलर नव्हताच.

जत्रेच्या एका कडेला लहान स्थिर इंजिनांची रांग असते. दोरीपलीकडे फोल्डिंगच्या खुर्च्यांवर म्हातारे बसलेले, हातात फ्लास्कमधला चहा. तिथल्या लिस्टर कंपनीच्या एका हिरव्या इंजिनाने पिंपातलं पाणी उपसून त्याच पिंपात सोडायचं काम चालवलं होतं. ठक, ठक, ठक. मी तिथेच थबकलो. आमच्या मळ्यातल्या विहिरीवर किर्लोस्करचं पाच हॉर्सपॉवरचं इंजिन होतं. आजोबा एका हाताने हँडल मारायचे, मी लिव्हर सोडायचो, मग धुराचा पहिला काळा गोळा. कुणाचं इंजिन चालू झालं ते गावात आवाजावरून कळायचं. मोटर बसल्यावर ते गोठ्यात गेलं. नऊ वर्षांपूर्वी दादाचा फोन आला, ‘भंगारवाला दारात आलाय, काय करू?’ मी मीटिंगमध्ये होतो. म्हणालो, ‘देऊन टाक, जागा तरी होईल.’ किती आले, तेही विचारलं नाही.

खुर्चीतल्या म्हाताऱ्याने विचारलं, ‘तुमच्याकडे होतं का असं?’

‘आहे ना,’ मी म्हणालो. ‘गावी आहे. अजून चालतं.’

त्याने मोठ्या आपुलकीने मान हलवली आणि सुटे भाग मिळतात का, ते विचारलं. मी म्हटलं, मिळतात.

घरी येऊन लिस्टरचा व्हिडिओ दादाला पाठवला. रात्री त्याचं उत्तर आलं : ‘आवाज झकास. पण पाणी त्याच पिंपात पडतंय की रं. भिजतंय काय?’