वाळलंय का बघतो

कोल्हापुरात हौसेने गळ टाकणाऱ्या माणसाला नवी काठी बनवण्याची सवड मिळते ती नेमकी पावसाळ्यात, कारण तेव्हा राजाराम बंधारा पाण्याखाली गेलेला असतो आणि पंचगंगा 39 फुटांची इशारा पातळी ओलांडून 43 फुटांच्या धोका पातळीकडे निघाली की नाही, एवढाच विषय शहरात शिल्लक उरतो. मासेमारी बंद, वेळ भरपूर, आणि हवेत ओलावा इतका की काठीवरच्या दोऱ्याला एपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर हे दोन द्रव मिसळून घट्ट होणारा, लेप देण्यास वर्षातला याहून नालायक महिना शोधून सापडणार नाही. हार्डनरमधील अमाइन हे रसायन हवेतला ओलावा आणि कार्बन डायऑक्साइड यांच्याशी संयोग पावते व चकचकीत लेपाऐवजी एक तेलकट, धुरकट थर पदरात पडतो. तरीही लेप जुलैतच द्यावा लागतो, कारण ज्याची काठी आहे त्या मित्राला ती पाणी ओसरण्यापूर्वी हवी असते.

त्याआधीचे काम निदान माफी देणारे असते. काठीच्या नळीवर, गळाची दोरी ज्यांतून जाते त्या कड्या ठेवायच्या आणि त्यांचे पाय नायलॉनच्या बारीक दोऱ्याने, वेढ्याला वेढा भिडवून, आवळून बांधायचे. वेढा सरकला तर दोरा सोडून पुन्हा गुंडाळता येतो. एपॉक्सी मात्र एकदा बसली की बसली. ती नसेल तर दोरा घासून तुटतो आणि ऐन मासा लागलेला असताना कडी निसटते, हे खरे आहे. पण लेप आरशासारखा गुळगुळीत असावा हा आग्रह माशाचा नाही. तो काठावर शेजारी बसलेल्या दुसऱ्या हौशी माणसाचा आहे, आणि त्याच्याइतका कठोर परीक्षक पाण्यात राहत नाही.

रेझिन आणि हार्डनर अगदी समसमान घ्यावे लागतात, अन्यथा लेप महिनोन्महिने चिकट राहतो. त्यासाठी सिरिंज लागतात, त्याही दोन वेगवेगळ्या, आणि रबराला सिलिकॉनचे वंगण नसलेल्या, कारण सिलिकॉनचा अंश लागलेल्या जागेवरून एपॉक्सी अंग चोरून बाजूला सरते. औषधाच्या दुकानात सुईशिवाय सिरिंज मागून वर रबराची चौकशी करणाऱ्या गृहस्थाकडे दुकानदार ज्या नजरेने पाहतो, तिचे वर्णन करणे मला प्रशस्त वाटत नाही. मिश्रण हलक्या हाताने ढवळून ताबडतोब ॲल्युमिनियमच्या कागदावर पसरायचे, कारण वाटीत साचून राहिले तर ते स्वतःच्याच उष्णतेने लवकर घट्ट होते. मग बुडबुडे. ते स्पिरिटच्या दिव्याची ज्योत क्षणभर खालून फिरवली की फुटतात. क्षण लांबला तर दोराही जातो.

या वेळी खोलीची दारे-खिडक्या बंद, पंखा बंद, आणि कोपऱ्यात हवा कोरडी राहावी म्हणून जुना पिवळा बल्ब चालू असतो. अशा खोलीत घामाघूम होऊन श्वास रोखून बसलेल्या माणसाला पाहून पत्नी दारातूनच विचारते, “अहो, निदान पंखा तरी लावू का?” आणि उत्तराची वाट न पाहता लावते. गादीतला कापूस, मांजराचे केस आणि उदबत्तीची राख, ज्यांची एरवी या घरात कोणी दखल घेत नाही, ती सारी मंडळी तत्काळ लेपावर येऊन विराजमान होतात.

लेप ओघळू नये म्हणून काठी काही तास सावकाश फिरती ठेवावी लागते. त्यासाठी मिनिटाला पाच-सहा फेरे देणारी, जुन्या मायक्रोवेव्हमध्ये थाळी फिरवणारी मोटर उत्तम. ती बसवून घेण्यासाठी मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका कारागिराकडे गेलो. इंजिनांचे सुटे भाग घडवण्यात आयुष्य गेलेल्या त्या माणसाने ती तळहातावर घेऊन बराच वेळ न्याहाळली. “मिनिटाला सहाच फेरं? अवो, एवढ्यात सप्तपदीबी पुरी व्हायची न्हाई,” असे म्हणून त्याने मला अर्ध्या अश्वशक्तीची मोटर देऊ केली. तिच्यावर काठी लावली असती तर लेप काठीवर राहिला नसता, भिंतींना मिळाला असता. अखेर त्याने माझी मोटर एका लाकडी फळीवर बसवून दिली आणि मजुरी घेतली नाही, याला मी आजही अपमान समजतो.

मोटर उत्तम चालते, वीज असेपर्यंत. वीज गेली की काठी हाताने फिरवावी लागते, दर काही मिनिटांनी अर्धा फेरा. घड्याळाकडे कोण पाहत बसणार, म्हणून आईने स्वतःचा हिशेब बसवला: जपाची एक माळ पूर्ण झाली की अर्धा फेरा. एकशे आठ मण्यांची ती गती एपॉक्सीला इतकी मानवली की त्या बाजूच्या कड्यांवर एकही ओघळ आला नाही. मोटरने फिरवलेल्या काठीवर असा लेप मी अद्याप पाहिलेला नाही.

ज्या मित्राची ही काठी, त्याने दोरा आपल्या पेठेच्या तालमीच्या फुटबॉल संघाच्या फिक्या निळ्या रंगाचा निवडला होता. एपॉक्सी मुरली की नायलॉनचा रंग गडद होतो, तो टिकवायचा तर आधी वेगळे द्रव्य लावावे लागते, पण मग एपॉक्सी दोऱ्यात तितकी खोल शिरत नाही, हे मी त्याला सविस्तर सांगितले होते. “रंग गेला खड्ड्यात, पक्कं पायजे,” असे त्याचे उत्तर होते. दुसऱ्या दिवशी सकाळीच, पुरते चोवीस तासही झाले नसताना, तो आला आणि दारातच थबकला.

“अरं, हे तर समोरच्या तालमीचं निळं झालं की!”

मी काही बोलण्याआधी तो काठीजवळ पोहोचला होता. “वाळलंय का बघतो,” असे म्हणून त्याने आपला भरघोस अंगठा सर्वांत मोठ्या कडीजवळच्या लेपावर दाबला आणि उचलला. त्या जागी रेषान् रेष उमटली. दुसरा हात देऊन ते झाकता येईल, असे मी त्याला अत्यंत संयमाने म्हणालो.

“राहू दे रं,” तो अंगठा पँटला पुसत म्हणाला. “काठी चोरीला गेली तर पोलिसांस्नी बरं पडंल.”