तारणासाठी तारण

आपल्या मराठीनं मोठी सोय करून ठेवलीय. चर्चच्या मंडळीत पाळकसाहेब पापातून सुटण्याला तारण म्हणतात, तोच शब्द पतपेढीत गहाणालाही चालतो. तेव्हा स्वर्गात जायचं असेल तर आधी फाईल तयार करा. काही गहाण ठेवल्याशिवाय कुणाच्या पदरात काही पडलंय का कधी?

लेंटचे, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासाचे, चाळीस दिवस मटण सोडा आणि सोडल्याचं भेटेल त्याला सांगा. (ईस्टरच्या दुपारी पातेल्यातून भरपाई होते, ती कुणी मोजत नाही.) दशांशाचं, म्हणजे मिळकतीच्या दहाव्या हिश्श्याचं, पाकीट पेटीत टाकताना नावाची बाजू वर ठेवा. वार्षिक अहवालात आकडा चुकला तर लगेच सेक्रेटरीला गाठा. वरही तोच अहवाल जातो.

खरी मेख आहे ती तुलनेला माणूस निवडण्यात. भले भले इथं चुकतात आणि एखादा संत समोर ठेवून झोप घालवून बसतात. बायबलात लूकच्या शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायातला परूशी, म्हणजे धर्माचे नियम काटेकोर पाळणारा यहुदी, बघा, काय तयारीचा गडी! मंदिरात प्रार्थनेला उभा राहिला तोच मागचा बदनाम जकातदार हेरून. आपण याच्यासारखे नाही म्हणून देवाचे आभार मानले. मग आठवड्याला दोन उपास, सगळ्या मिळकतीचा दशांश, असा चोख हिशेब मांडला. जकातदार लांब उभा राहून ऊर बडवत दया माग, एवढंच करत होता. नीतिमान ठरून घरी कोण गेलं ते पुढे लिहिलंय, पण तुम्ही तिथवर वाचू नका. तुम्हाला चुलतभाऊ पुरे. तो पितो, नाताळलाच देवळात दिसतो, आणि वाटणीत दोन गुंठे जास्त दाबून बसलाय.

बायबलमधली प्रेषित पौलाची पत्रं मात्र जपून हाताळा. तारण कृपेनं झालं, कर्मांनी नव्हे, असं इफिसच्या मंडळीला लिहून वर कारणही देतो: कोणी आढ्यता बाळगू नये. आता आढ्यताच काढून घेतली तर आपण देवळात बसायचं कशावर?

पंडिता रमाबाईंचंही फार मनावर घेऊ नका. 1883 साली बाप्तिस्मा, 1889 साली मुंबईत शारदा सदन, विधवांसाठी उपसलेले कष्ट. एवढी जाड फाईल हाताशी असून बाईंनी काय लिहावं? की आपल्याला ख्रिस्ती धर्म सापडला होता, ख्रिस्त सापडला नव्हता. आपली तर सगळी फाईल म्हणजे वीस वर्षांची गायनमंडळातली हजेरी.

आणि तो येशूशेजारच्या वधस्तंभावरचा गुन्हेगार! ना बाप्तिस्म्याचा दाखला, ना दशांशाची पावती. मरता मरता एखादं सत्कर्म उरकावं, तर हातही मोकळे नाहीत. येशूला नुसतं 'माझी आठवण करा' म्हणाला आणि त्याच दिवशी मंजुरी! आपल्या पतपेढीत असं झालं असतं तर संचालक मंडळच बरखास्त झालं असतं.

अर्जावर जामीनदाराचाही एक रकाना आहे. तिथं कुणाचं नाव चालतं, ते बायबलमधल्या इब्री लोकांस पत्रात स्पष्ट दिलंय. तुम्ही तो कोराच सोडा. फुकटचे उपकार घेणाऱ्यातलं आपलं घराणं नाही; चार पिढ्यांचे ख्रिस्ती आहोत आपण.