फिलाडेल्फिया दोन तासांत उरकणाऱ्यांसाठी

आज सकाळी आमच्या मंडळाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एकाने विचारलं, आईबाबा आलेत, न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला जाताना फिलाडेल्फियात काय बघावं? पाच मिनिटांत उत्तर हजर. "फिलीत काही नाही हो. ती लिबर्टी बेल घंटा बघा, फोटो काढा, चीझस्टेक खा, दोन तासांत निघा." त्यावर अंगठ्यांचा पाऊस. अंगठेवाल्यांत निम्मे शुद्ध शाकाहारी, तो मांसाचा चीझस्टेक कोण खाणार होतं देव जाणे!

ग्रुपवर मी गप्प बसले. तिथे बोललं की "ताई, तुम्ही फार मनावर घेता" असं ऐकावं लागतं. घेते मनावर. म्हणून इथे लिहितेय, आणि लांबणार आहे.

तीन-चार वर्षांपूर्वी माझी आत्या टूरबरोबर अमेरिकेत आली होती. कल्याणची, शाळेत इतिहास शिकवून रिटायर झालेली. टूर इतकी ठासून भरलेली की एक रात्र माझ्या घरी राहायची सोय नाही. शेवटी मीच थालीपिठांचा डबा घेऊन फिलीत बस थांबते तिथे गेले. मॅनेजरने सगळ्यांना उतरवलं आणि ओरडला, "पंचवीस मिनिटं! बेल, वॉशरूम, बस!" मंडळी सिक्युरिटीच्या रांगेकडे पळाली. आत्या पळाली नाही. ती बेलच्या इमारतीला लागूनच असलेल्या एका उघड्या जागेत ग्रॅनाइटच्या भिंतीपाशी थांबली होती. भिंतीवर नऊ नावं कोरलेली आहेत. चष्मा पुसून, वर्गात हजेरी घ्यावी तशी ती एकेक वाचत होती. ऑस्टिन. पॅरिस. हर्क्युलिस. मॉल. जाइल्स...

ही जागा म्हणजे जॉर्ज वॉशिंग्टनचं राष्ट्राध्यक्ष असतानाचं घर. 1790 ते 1800 राजधानी फिलाडेल्फियात होती, आणि 1797 पर्यंत तो इथे राहिला. या नऊ जणांना त्याने घरात गुलाम म्हणून ठेवलं होतं. पेनसिल्व्हेनियाच्या 1780 च्या कायद्याप्रमाणे बाहेरून आणलेला गुलाम सलग सहा महिने इथे राहिला तर सुटका मागू शकत होता. म्हणून सहा महिने भरायच्या आत हे महाशय त्यांना राज्याच्या हद्दीबाहेर फिरवून आणत! स्वातंत्र्याचा सेनापती, आणि घरात ही हिशेबाची वही. टूर गाइडच्या तोंडून यातलं अक्षर निघत नाही.

आत्याने विचारलं, "यातलं कुणी पळालं का गं?" म्हटलं, ओना जज. 1796 मध्ये घरचे जेवायला बसले असताना बाहेर पडली आणि जहाजाने न्यू हॅम्पशायर गाठलं. "सापडली?" ठावठिकाणा कळला, माणसं पाठवली, पण परत काही आणता आली नाही. 1848 मध्ये वारली, तिथेच. आत्या म्हणाली, "बरं झालं." तेवढ्यात मागून "चला चला, काका-काकू" सुरू.

आता त्या बेलबद्दल. लोकांना वाटतं 4 जुलै 1776 ला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या दिवशी, ही घणाणली आणि आनंदाच्या भरात तडकली. कसलं काय. 1752 मध्ये लंडनहून आली ती पहिल्याच चाचणीत फुटली, मग इथल्याच दोघांनी दोनदा वितळवून 1753 मध्ये पुन्हा ओतली. पुढे परत चीर गेली. आज ज्या रुंद भेगेपुढे आपण दात काढून उभे राहतो ती तर दुरुस्ती आहे. चिरेच्या कडा एकमेकींना घासू नयेत म्हणून ती मुद्दाम कोरून रुंद केली, आणि 1846 मध्ये वॉशिंग्टनच्या जयंतीला वाजवताना पुन्हा तडकून ती कायमची मुकी झाली. तिला "लिबर्टी बेल" म्हणून डोक्यावर घेतलं ते 1830 च्या दशकात गुलामगिरीविरुद्ध लढणाऱ्यांनी. म्हणजे आधी ती भिंत वाचायची आणि मग बेल बघायची, तरच त्या तडकलेल्या धातूला काही अर्थ. पण आपल्याला फोटोत भेग नीट आली की झालं.

बरं, मान्य. पार्किंग म्हणजे दरोडा आहे, काही रस्ते घाण आहेत, जुलैत जीव जातो. आणि तो मॅनेजरही काही राक्षस नव्हता. चाळीस माणसं, ड्रायव्हरच्या तासांवर कायद्याची मर्यादा, संध्याकाळी वॉशिंग्टनचं हॉटेल. कळतं मला. पण मग "बघितलं" म्हणू नका ना. "बस तिथून गेली" म्हणा.

खरा राग पुढेच आहे. आत्याने त्याला अगदी सरळ विचारलं, "आनंदीबाईंचं कॉलेज इथून किती लांब?" तो म्हणाला, "ते आयटिनररीत नाही, मावशी."

आयटिनररीत नाही! मराठी टूर, मराठी मॅनेजर, बसमध्ये अंताक्षरी मराठी गाण्यांची, आणि आनंदीबाई जोशी आयटिनररीत नाहीत. कल्याणात जन्मलेली मुलगी 1883 मध्ये, अठराव्या वर्षी, नवऱ्याशिवाय बोटीने आली. आधी न्यू जर्सीत रोझेलला कार्पेंटर कुटुंबाकडे राहिली. रोझेल, मंडळी! आपल्या एडिसन गावाहून अर्ध्या तासावर. दिवाळीच्या खरेदीला आपण याहून लांब जातो. मग फिलाडेल्फियाचं विमेन्स मेडिकल कॉलेज, आणि 11 मार्च 1886 ला डॉक्टरची पदवी. समारंभाला पंडिता रमाबाई मुद्दाम आल्या होत्या. पुढच्या फेब्रुवारीत आनंदीबाई पुण्यात वारल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. जपानच्या केई ओकामी आणि सीरियाच्या सबात इस्लामबुलीबरोबरचा त्यांचा 1885 चा फोटो आपण दर महिला दिनाला फॉरवर्ड करतो. तो फोटो याच गावचा आहे. जिथे "काही नाही" त्या गावचा.

आत्या बसमध्ये चढली नाही. "मी स्वखुशीने टूर सोडत आहे" अशा कागदावर सही करून माझ्या गाडीत येऊन बसली. परवा वॉशिंग्टनला सोडशील ना, एवढंच विचारलं.

दुसऱ्या दिवशी आम्ही नॉर्थ कॉलेज अॅव्हेन्यूला गेलो. कॉलेज आता तिथे नाही, 1930 मध्येच ते ईस्ट फॉल्सला हललं. समोर जिरार्ड कॉलेजची उंच दगडी भिंत मात्र आहे, तेव्हाही होती. (या कॉलेज नावाच्या शाळेचं दारही काळ्या मुलांसाठी 1968 पर्यंत बंद होतं. या गावात कुठलीही भिंत साधी नसते.) आत्या फुटपाथवर उभी राहून मला उलटतपासणीसारखं विचारत होती, बर्फात पायी यायच्या का, जेवणाचं काय करत असतील, साडीवर कोट मिळायचा का. मला अर्ध्याची उत्तरं येत नव्हती. मग आपणच म्हणाली, "शाळेत तिच्यावर एक तास घ्यायचे मी. तास!" आणि थालीपीठ खाल्लं. तिथेच, उभ्याने.

असो. चिडायला बसले आणि भलतीकडेच गेले.

ग्रुपवर ज्याने विचारलं त्याच्यासाठी: दोन दिवस काढ. पहिल्या सकाळी इंडिपेंडन्स हॉल. वेळेचं तिकीट आधी ऑनलाइन घे, बुकिंगला डॉलरभर लागतो. 1776 चा स्वातंत्र्याचा जाहीरनामा आणि 1787 ची राज्यघटना एकाच खोलीत झाली, आणि वॉशिंग्टनची पाठीवर अर्धा सूर्य कोरलेली खुर्ची अजून तिथेच आहे. मग भिंत, मग बेल. बेंजामिन फ्रँकलिनची कबर रस्त्यावरच्या कुंपणातूनही दिसते. काटकसर शिकवणाऱ्या माणसाच्या कबरीवर लोक नाणी उधळतात, हे एकदा बघाच. एल्फ्रेथ्स अॅली या जुन्या गल्लीत अजून लोक राहतात, खिडक्यांत डोकावू नका. आर्ट म्युझियमच्या बहात्तर पायऱ्या 'रॉकी' सिनेमातल्यासारख्या पळत चढून हात वर करायचे असतील तर करा, पण दार उघडं असतं, आतही जा. जेवायला रीडिंग टर्मिनल मार्केट, 1893 पासूनचं. अमिश, म्हणजे जुन्या पद्धतीने राहणाऱ्या ख्रिस्ती पंथाच्या, बायका समोर प्रेट्झेल वळून, भाजून, लोण्यात बुडवून देतात. आत्या म्हणाली मीठ जास्त आहे, आणि दुसरं घेतलं. दुसऱ्या दिवशी आनंदीबाई. त्यांच्या कॉलेजचा संग्रह ड्रेक्सेल विद्यापीठाकडे आहे, आधी विचारून जायचं.

आणि उन्हाळ्यात कुणाचे आईबाबा येणार असतील तर मला मेसेज करा. शनिवारच ठरवा, रविवारी अमिश दुकानं बंद असतात. गाडी मी काढते, पार्किंगचे पैसे तुमचे.