रोश हशानाचे स्टार्टर: दही का नाही आणि बासा का नाही

ताई, सविस्तर लिहिलंत हे बरं केलंत. नुसतं ‘जमलं नाही’ लिहिलं असतंत तर काय बिघडलं ते कळलंच नसतं. मी दिलेल्या रोश हशानाच्या, म्हणजे ज्यू नववर्षाच्या, जेवणाआधीच्या पदार्थांच्या कृतींवर तुमचे आक्षेप चार आहेत. रोहूऐवजी बासाचे फिले घेऊन केलेले गेफिल्टे फिशचे, म्हणजे वाटलेल्या माशाचे, गोळे पाण्यात विरघळले, म्हणजे प्रमाण चुकीचं. ज्यू घरात दूध-मांस एकत्र नको, पण दुधाचं आधी खाऊन मग मांस चालतं, तरी दही-काकडी आणि चीज यादीतून काढलं. लिंबू, चिंच, मिरची नसल्यामुळे सगळं फिकं. आणि कलेजी उगाच विस्तवावर जाळायला लावली.

आधी मासा. प्रमाण बरोबर आहे, मासा बदलल्यामुळे घोटाळा झाला. बासा हा मांगूर-शिंगाळ्याच्या गोतावळ्यातला, अंगावर खवले नसलेला मासा. कोशर, म्हणजे ज्यू आहारनियमांत बसणाऱ्या, माशाला पर आणि खवले दोन्ही लागतात, त्यामुळे ज्यू पाहुण्यांच्या ताटात तो मुळातच चालत नाही. शिवाय गोठवलेल्या बासाच्या फिलेत पाणी फार असतं. वाटताना ते मिश्रणात उतरतं आणि उकळीत गोळ्याला धरून ठेवणारं काही राहत नाही. तुम्ही ब्रेडचा चुरा दुप्पट केलात असं लिहिलंय, म्हणून तर उरलेले गोळे घशाखाली उतरेनात.

रोहू सुचवण्यामागे कारण आहे. पूर्व युरोपात हा पदार्थ कार्प माशाचा करत, आणि आपले रोहू-कटला त्याच कुळातले. बारीक काटे भरपूर, पण वाटल्यावर त्रास नाही, आणि डोक्या-काट्यांच्या पाण्याची गार झाल्यावर जेली होते. अडीच किलोचा अख्खा रोहू घ्या, खवले समोर काढून घ्या. साधारण एक किलो मांस निघेल. जिताडा परवडत असेल तर अर्धा-अर्धा करा, गोळा घट्ट होतो.

एक किलो मांसाला २०० ग्रॅम कांदा. त्यातला निम्मा तेलात मऊ परतून गार केलेला, निम्मा कच्चा किसून घट्ट पिळलेला. पिळणं टाळलंत तर रोहूचेही गोळे फुटतील. ३ अंडी (प्रत्येक वेगळ्या वाटीत फोडून, रक्ताचा ठिपका नाही ना ते बघून), ६० ग्रॅम ब्रेडचा चुरा, १५ ग्रॅम मीठ, एक चमचा पांढरी मिरपूड, हवी तर दोन चमचे साखर. जुन्या पोलंडकडची घरं यात साखर घालत, लिथुआनियाकडची मिरी, आणि हा वाद अजून मिटलेला नाही. मासा फ्रिजमधून काढून लगेच, दोनदा वाटायचा. मिक्सरचं भांडं तापलं की मिश्रण सैल पडतं. मग तासभर फ्रिजमध्ये.

डोकं, काटे, कांदा, गाजर दोन लिटर पाण्यात ४५ मिनिटं उकळून गाळा. डोक्यातले कल्ले आधी काढा, नाहीतर पाणी कडू होतं. ओल्या हाताने ५० ग्रॅमचे गोळे वळा, २६-२८ होतील. ते सोडल्यावर पाणी कडेकडेने बुडबुडे येण्याइतकंच तापलेलं हवं. खळखळून उकळलं की गोळे एकमेकांवर आपटून फुटतात. ४५ मिनिटांनी गॅस बंद करून त्याच पाण्यात गार होऊ द्या आणि रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा.

चुऱ्याबद्दल एक. पाकिटावर ‘मिल्क सॉलिड्स’ आहे का ते वाचा. आपल्याकडच्या टोस्टात बहुतेक वेळा दूध असतं आणि तेवढ्यानेच तो मासा दुधाचा ठरतो.

दह्याकडे येते. दुधाचं आधी चालतं हे तुमचं बरोबर आहे. तोंड धुऊन, मध्ये काही तटस्थ खाऊन, टेबलावरचं कापड बदलून मग मांस घेता येतं. फक्त जुनं मुरलेलं कडक चीज खाल्लं तर अनेक अश्केनाझी, म्हणजे मध्य-पूर्व युरोपातल्या ज्यूंची, घरं सहा तास थांबतात. पण तुमचं मुख्य जेवण मटणाचं होतं, आणि सणाच्या रात्री किद्दुश (द्राक्षारसावरची प्रार्थना) आणि पावानंतर येणारे छोटे पदार्थ त्याच जेवणाचा भाग असतात. दह्याबरोबर टेबलावर असलेला पाव मांस येण्याआधी उचलावा लागतो, ताटल्या-चमचे बदलावे लागतात. बारा माणसांत, हातात पाव घेऊन गप्पा मारणाऱ्यांत, हे कोण सांभाळणार? म्हणून मटण असेल त्या दिवशी स्टार्टर पारवे, म्हणजे ना दुधाचे ना मांसाचे. कलेजी तेवढी मांसाची, पण ती मटणाच्या जेवणात चालते. दह्याचा ओलसरपणा हवा असेल तर कोकणातल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांचा मार्ग घ्या: नारळाचं दाट दूध. एका वाटीत किसून पिळलेली काकडी, भाजलेलं जिरं, मीठ. घट्टपणासाठी काजू वाटू नका, या सणात बरीच अश्केनाझी घरं अक्रोड-बदाम-काजू टाळतात.

मासा पारवे असला तरी मांसाबरोबर एका ताटलीत नाही. माशाच्या ताटल्या उचला, दोन घोट काही प्यायला द्या, मग मटण.

फिकेपणाची तक्रार मला अर्धीच पटते. नवं वर्ष गोड जावं म्हणून आंबट-कडू टाळणं ही रीत आहे, बंदी नाही. काही घरं माशाबरोबरची हॉर्सरॅडिश या झणझणीत मुळाची चटणीसुद्धा त्या दिवशी ठेवत नाहीत, काही ठेवतात. पण तुमचे पदार्थ फिके लागले ते बहुधा गार असल्यामुळे. गार खाण्यात मीठ-मिरी कमी जाणवते. चमचाभर मिश्रण उकळत्या पाण्यात शिजवा, दहा मिनिटं फ्रीझरमध्ये गार करा आणि मग चाखा. चवळीचंही तसंच: २५० ग्रॅम सहा तास भिजवून, कुकरऐवजी उघड्या पातेल्यात अख्खी राहील अशी शिजवा आणि गरम असतानाच तीन चमचे तेल, जिरं, मिरी, तांबूस परतलेला कांदा मिसळा. गार चवळी मसाला पीत नाही. डाळिंबाचे दाणे वाढताना घाला, आंबटपणा तेवढा पुरतो. सफरचंदाच्या फोडी काळ्या पडल्या म्हणता, तर कपभर पाण्यात मोठा चमचाभर मध ढवळून पाच मिनिटं बुडवा. लिंबाची गरज नाही.

सगळं गार का, हेही विचारलंत. २०२६ मध्ये हा सण ११ सप्टेंबरला, शुक्रवारी संध्याकाळी लागतो. म्हणजे पहिली रात्र शब्बाथची, ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवसाची, चूल पेटवणं आणि शिजवणं बंद. गरमागरम तळण त्या रात्री पाळणाऱ्या घरात होऊच शकत नाही. काटे वेचत बसणंही शब्बाथला नको, म्हणून तर बिनकाट्याचा गोळा.

राहिली कलेजी. तिच्यात रक्त इतकं असतं की नुसतं मीठ लावून ती कोशर होत नाही. चीर देऊन, जरा मीठ भुरभुरून, जाळीवर उघड्या आचेवरच भाजावी लागते. रक्त खाली गळून जायला हवं, म्हणून तवा चालत नाही. कोरडी होते ती जास्त वेळ ठेवल्याने. कोंबडीची कलेजी एकेका बाजूने तीन-चार मिनिटांत होते, आतला लाल रंग गेला की उतरवा. धुऊन कोमट असतानाच कुटा: अर्ध्या किलोला तीन कांदे ८० मिली तेलात खरपूस परतून, तेलासकट, आणि चार उकडलेली अंडी. लोणी नाही, तूप नाही. मात्र कलेजी कोशर पद्धतीने कापलेल्या कोंबडीचीच हवी. ती मिळत नसेल तर हा पदार्थ सोडा आणि चवळी दुप्पट करा. पाहुणे काटेकोर पाळणारे असतील तर तुमच्या भांड्यांत केलेलं चालेल का, हे बाजाराला जाण्याआधी त्यांनाच विचारा.