मॉस्कोत हॉटेल लांब असलं तरी चालेल, मेट्रो जवळ हवी

मॉस्कोला निघालेली आपली माणसं हॉटेल ठरवताना सगळ्यात आधी रेड स्क्वेअरपासूनचं अंतर बघतात. टूरवाल्यांशी हुज्जत होते तीही बहुतेक वेळा यावरूनच. ‘हॉटेल गावाबाहेर दिलंय हो’ ही तक्रार इतक्यांच्या तोंडून ऐकली की शेवटी लिहायला बसले. माझं मत सांगते. मॉस्कोत मध्यवर्ती हॉटेलसाठी जास्तीचे पैसे घालवू नका. मेट्रो स्टेशनला खेटून असलेलं साधं हॉटेल घ्या, मग ते शहराच्या कुठल्याही टोकाला असो.

मी, नवरा आणि माझी आई मार्चअखेरीस इझ्मायलोवोत राहिलो. पूर्व मॉस्कोतला हा भाग. १९८० च्या ऑलिंपिकसाठी इथे हजारो खोल्यांचं हॉटेल-संकुल उभं राहिलं. आल्फा, बीटा, वेगा, गामा-डेल्टा अशी त्या उंच इमारतींची नावं. अमेरिकेने बहिष्कार टाकला होता तेच हे ऑलिंपिक, आणि आपल्या हॉकी संघाचं शेवटचं ऑलिंपिक सुवर्णपदकही याच मॉस्कोतलं. रेडिओवर ऐकलेली ती बातमी आईला अजून आठवते, त्यामुळे इमारत कधीची आहे हे कळल्यावर तिला तिचं वेगळंच अप्रूप वाटलं.

खोली साधी होती. दोन अरुंद पलंग, टेबल, लहान बाथरूम, मोठी खिडकी. बाहेर बर्फ वितळून चिखल झालेला आणि आत आम्ही सुती कपड्यांत. तिथे शहरातली मोठी वीजकेंद्रं पाणी तापवतात आणि ते जमिनीखालच्या पाइपांतून घराघरांत, हॉटेलांत फिरतं. हीटर वेगळा मागावा लागत नाही. उलट खोली इतकी गरम होते की रात्री खिडकीची फट उघडी ठेवावी लागते. थंडीच्या धास्तीने महागड्या हॉटेलकडे वळणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. साध्या खोलीतही ऊब तीच असते.

आता मुख्य मुद्दा, अंतराचा. हॉटेलमधून चार पावलं चाललं की पार्टिझान्स्काया स्टेशन. तिथून पाचवं स्टेशन प्लोश्शाद रेव्होल्यूत्सी, म्हणजे रेड स्क्वेअरच्या उंबरठ्यावर. गाडी बदलावी लागत नाही आणि एक गाडी चुकली तर दुसरी लगेच येते. दादर-ठाणे रोज करणाऱ्या माणसाने याला ‘लांब’ म्हणावं?

शिवाय हा प्रवास म्हणजे वाया गेलेला वेळ नव्हे. पार्टिझान्स्काया हे १९४४ मध्ये, ऐन महायुद्धात सुरू झालेलं स्टेशन. फलाटावर झोया कोस्मोदेम्यान्स्कायाचा पुतळा आहे. नाझी सैन्याने १९४१ मध्ये फासावर दिलेली अठरा वर्षांची ही मुलगी. हा पुतळा मातव्हेई मानिझेरने घडवला, आणि प्लोश्शाद रेव्होल्यूत्सीच्या कमानींखाली गुडघे मोडून बसलेले ब्राँझचे सैनिक, कामगार, शेतकरी हेही त्याच्याच हातचे. तिथल्या सीमारक्षकाच्या कुत्र्याचं नाक जाता-येता लोकांनी हात लावून लावून सोन्यासारखं झळकवलंय. कामावर निघालेली, हातात फाइल धरलेली बाई चालता चालता त्या नाकाला हात लावते आणि पुढे जाते, हे आम्ही रोज बघत होतो. एक सोय मला फार आवडली. शहराच्या मध्याकडे जाणाऱ्या गाडीत घोषणा पुरुषाच्या आवाजात होते, मध्यापासून बाहेर जाणाऱ्या गाडीत बाईच्या. पाट्या वाचता येत नसल्या तरी आपण योग्य दिशेच्या गाडीत बसलोय की नाही ते कानांना कळतं. आईने हे एकदा ऐकलं आणि मग तीच आम्हाला सांगायला लागली.

खाण्याचं काय, हा दुसरा प्रश्न. आई पक्की शाकाहारी, अंडंही चालत नाही. तेव्हा ईस्टरच्या आधीचा मोठा उपवास सुरू होता. या दिवसांत श्रद्धाळू ऑर्थोडॉक्स लोक मांस, अंडी, दूध सगळं सोडतात, आणि बऱ्याच खाणावळींत ‘पोस्तनोये मेन्यू’ म्हणून वेगळी यादी लागते. ती पाटी दिसली की निर्धास्त आत जायचं. बिटाचं सॅलड, मशरूमचं सूप, बटाट्याचं सारण भरलेले वारेनिकी. नाश्त्याला ग्रेच्का, म्हणजे उकडलेला कुट्टू, आणि काळा पाव. हॉटेलात नाश्त्याच्या टेबलांवर देखरेख करणाऱ्या पोक्त बाईंना आईने पाठ केलेले दोनच शब्द सांगितले, ‘ब्येझ म्यासा’, मांसाशिवाय. त्यांनी आईला हाताला धरून टेबलाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेलं. प्रत्येक भांड्यावर बोट ठेवून ‘हे हो, हे नको’ असं मानेनेच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून आई दिसली की त्या ग्रेच्काची वाटी स्वतः आणून ठेवायच्या. हजारो पाहुणे येणाऱ्या हॉटेलात हे कुणी का करावं? पण त्यांनी केलं. मला त्याचं मोल फार वाटतं.

संध्याकाळी आम्ही इझ्मायलोवोतच फिरायचो. शेजारी रंगीबेरंगी मनोऱ्यांचा क्रेमलिन, म्हणजे किल्ला आहे; रेड स्क्वेअरजवळचा प्रसिद्ध क्रेमलिन वेगळा. लोक त्याला पुरातन समजतात, पण ते अलीकडचं बांधकाम. मात्र त्याच्या अंगाला असलेल्या व्हर्निसाज बाजारात मात्र्योश्का बाहुल्या घ्यायला अवश्य जा. खरा इतिहास थोडा पुढे, तळ्यातल्या बेटावर आहे. तिथे रोमानोव्ह या रशियाच्या राजघराण्याची जहागीर होती. १६८८ मध्ये कोवळ्या वयाच्या पीटरला, म्हणजे पुढच्या पीटर द ग्रेटला, इथल्याच गोदामात एक जुनी होडी सापडली. रशियन लोक तिला आपल्या नौदलाचे आजोबा मानतात. आता त्या बेटावर आज्या बाबागाड्या ढकलत फिरतात, म्हातारे पेपर वाचत बसतात, आणि मॉस्को कशी जगते ते दिसतं. रेड स्क्वेअरवर आपल्यासारखेच पर्यटक भेटतात.

आणि हो, मॉस्कोतल्या परदेशी साहित्याच्या ग्रंथालयात अण्णाभाऊ साठे यांचा पुतळा आहे, २०२२ मध्ये बसवलेला. मराठी माणसाने तिथे जायलाच हवं. तेही मेट्रोनेच जमतं.

सगळ्यांना हेच सुचवेन असं मात्र नाही. जुन्या स्टेशनांत पायऱ्या पुष्कळ आहेत, लिफ्ट बहुतेक ठिकाणी नाही. ज्यांचे गुडघे साथ देत नाहीत त्यांनी मध्यवर्ती हॉटेलच घ्यावं. रात्री एकला मेट्रोचे दरवाजे बंद होतात, तेही ध्यानात ठेवा. रिसेप्शनवर पासपोर्ट आणि मायग्रेशन कार्ड (देशात शिरताना मिळतं ते) घेऊन हॉटेलच तुमची नोंदणी करतं, तो कागद मागून घ्या आणि जवळ बाळगा. आपली व्हिसा-मास्टरकार्डं २०२२ पासून तिथे चालत नाहीत. म्हणून कोऱ्या, न दुमडलेल्या डॉलरच्या नोटा न्या आणि बँकेत बदलून घ्या. हॉटेलचा पत्ता रशियन अक्षरांत लिहिलेलं कार्ड घरातल्या प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळं ठेवा, एकट्याच्याच पाकिटात नको.