म्हशीसाठी डॉक्टर गोठ्यात येतो, आबांना ५० किलोमीटर जावं लागतं

आमच्या आबांचं डायलिसिस आठवड्यातून दोनदा असतं, सोमवारी आणि गुरुवारी. भुदरगड तालुक्यातल्या आमच्या वाडीवरून पहाटे पाचला निघायचं, गारगोटीला एसटी धरायची, कोल्हापुरात सीबीएसवर, म्हणजे मध्यवर्ती बसस्थानकावर, उतरून रिक्षा करायची. मशीनवर चार तास. मग तोच प्रवास उलटा. घरी यायला दिवस मावळतो. उपचाराला एक रुपया लागत नाही, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ते बसतं, आणि त्याबद्दल मी सरकारचा मनापासून ऋणी आहे. पण दोघांचं जाणं-येणं, रिक्षा, खाणंपिणं आणि माझा बुडालेला दिवस कुठल्याच योजनेत बसत नाही.

गेल्या वर्षी रोपलावणीच्या घाईत आबा म्हणाले, "एक खेप चुकली म्हणून काय हुतंय? माझ्यापायी तुझी लावण मागं पडायला लागलीया." मी ऐकलं. ऐकायला नको होतं. दोन दिवसांनी रात्री त्यांना आडवं होता येईना, धाप थांबेना. फुप्फुसात पाणी झालं होतं. १०८ ची गाडी वेळेत आली म्हणून आज ते अंगणात ऊन खात बसलेत.

ही १०८ सेवा महाराष्ट्रात जानेवारी २०१४ मध्ये सुरू झाली. पैसा सरकारचा, गाड्या चालवणारी कंपनी खासगी. पेशंटला बिल नाही. म्हणजे सरकारनं पैसे द्यायचे आणि दुसऱ्या कुणी सेवा चालवायची, ही गोष्ट आपल्याला नवी नाही. प्रश्न आहे तो चालवणारा कोण, आणि तो हिशेब कुणाला देतो याचा.

मी गावच्या दूध संस्थेत चौदा वर्षं सचिव आहे. सकाळ-संध्याकाळ माणसं रांगेत येतात, दूध घालतात, फॅट लागते, पावती निघते. दर दहा दिवसांनी बिल, दिवाळीला दरातला फरक. वाडीपर्यंतचा रस्ता कसाही असो, दुधाचा टेम्पो येतो. निवडणुकीच्या दिवशीसुद्धा येतो! रात्री म्हैस व्यायला अडली तर दूध संघाच्या डॉक्टरांना फोन लावायचा, ते गोठ्यात येतात. हे कुणा दानशूराच्या मेहेरबानीवर चालत नाही. आपल्याच दुधाच्या पैशातून चालतं, आणि सभेत उभं राहून जाब विचारायचा हक्क दोन म्हशींच्या मालकालाही आहे.

हल्ली 'सोशल एंटरप्राइज' हा शब्द फार ऐकू येतो. नफा वाटून घ्यायचा नाही, पण स्वतःच्या पायावर उभं राहून लोकांची गरज भागवायची, असा त्याचा अर्थ. मला वाटतं, कोल्हापूर जिल्ह्याला हे कुणी बाहेरून येऊन शिकवायची गरज नाही. आपला गोकुळ दूध संघ १९६३ पासून आहे. साखर कारखाने, पतसंस्था, सूतगिरण्या आपण उभ्या केल्या. मग तालुक्याच्या गावी सहकारातून एक डायलिसिस केंद्र का उभं राहू नये? योजनेचे पैसे सरकारकडून येतील, जागा आणि व्यवस्था आपली.

हे स्वप्नरंजन नाही. गुजरातेत अमूलच्या त्रिभुवनदास पटेलांनी १९७५ मध्ये त्रिभुवनदास फाउंडेशन काढलं आणि खेडा जिल्ह्यात दूध संस्थांच्या आधारानं गावागावात आरोग्यसेविका उभ्या केल्या, बाळंतिणी आणि लहान मुलांसाठी. दादरचं शुश्रूषा रुग्णालय तर सहकारीच आहे. आणि हद्दीपलीकडे बघा. कर्नाटकात २००३ ला यशस्विनी योजना आली. सहकारी संस्थेच्या सभासद शेतकऱ्यानं सुरुवातीला वर्षाला ६० रुपये भरायचे आणि त्यावर शस्त्रक्रियेचा खर्च मिळायचा. मध्ये ती बंद झाली, २०२२ ला पुन्हा सुरू झाली. निपाणी-संकेश्वरकडे आपल्या सगळ्यांचे पैपाहुणे आहेत, त्यांना विचारा. डोळ्यांच्या बाबतीत मदुराईचं अरविंद रुग्णालय १९७६ मध्ये ११ खाटांवर सुरू झालं. ज्याला परवडतं तो पैसे भरतो आणि त्यातून गरिबाची शस्त्रक्रिया होते.

आता दुसरी बाजू. आमच्याच भागात एका संस्थेनं मोफत तपासणी शिबिर घेतलं होतं. रक्त मोफत घेतलं. रिपोर्ट आणायला गेलेल्या बायकांना मात्र पुढच्या तपासण्यांचं पॅकेज गळ्यात मारलं. माझ्या चुलतीनं त्यासाठी बचत गटातून कर्ज काढलं, आणि तिला झालेलं काहीच नव्हतं. नावात 'सेवा' आहे म्हणून डोळे झाकून विश्वास ठेवू नका. दरफलक भिंतीवर हवा, दरवर्षी लेखापरीक्षण हवं, ते सभेत वाचून दाखवायला हवं. एवढं जो करणार नाही त्याला सरकारी पैसा मिळता कामा नये, मग तो आपल्या जवळचा पुढारी का असेना.

आणि यात सरकारनं अंग काढून घ्यायचं नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलंय की आरोग्यावरचा सरकारी खर्च २०२५ पर्यंत जीडीपीच्या अडीच टक्क्यांवर न्यायचा. तो तिथवर गेलेला नाही. प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर नेमणं, कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयात खाटा आणि माणसं वाढवणं हे सरकारचंच काम. त्याला पर्याय म्हणून सहकार पुढे करणाऱ्यांच्या मी विरोधात उभा राहीन.

एका गोष्टीवर माझा जीव अडकलाय. आबांचं मूत्रपिंड बीपीनं गेलं. बीपी आहे हे कळलं तेव्हा फार उशीर झाला होता. हाच माणूस वीस वर्षं रोज दोन वेळा आमच्या संस्थेत किटली घेऊन यायचा. मी सचिव झाल्यावर माझ्याच टेबलासमोर उभा राहायचा. दुधाची फॅट संस्थेनं रोज मोजली, त्या वीस वर्षांत त्यांचं बीपी कुणी एकदाही मोजलं नाही. एक बीपीचं मशीन, साखर तपासायच्या पट्ट्या, आठवड्यातून दोन दिवस आशाताई, आणि तिच्या त्या वेळेचे वेगळे पैसे संस्थेच्या नफ्यातून. फुकट राबवायचं नाही तिला, आधीच फार राबवलंय.

यंदाच्या वार्षिक सभेसाठी मी दोन विषय लेखी दिलेत. पहिला हाच तपासणीचा. दुसरा, आमच्या रूटवरच्या संस्थांनी मिळून सोमवार-गुरुवार डायलिसिसच्या पेशंटसाठी एक गाडी लावायची. आमच्या रूटवर मला माहीत असलेले पाच पेशंट आहेत. पाच जण पाच वेगवेगळ्या एसटींनी धक्के खात जातात.

भुदरगड, राधानगरी, आजरा, चंदगडकडचे जे कुणी हे वाचताय, तुमच्या गावात डायलिसिसचे पेशंट किती आणि ते कुठल्या वारी जातात, एवढं खाली लिहा. नावं नकोत, आकडा आणि वार पुरे. सभेला मला तो कागद हातात घेऊन उभं राहायचं आहे.