हजारातली सातशे

रविवारी सकाळी नागपूरच्या धरमपेठेत लक्ष्मीभुवन चौकाजवळच्या टपरीवर तर्री-पोहे संपले, अन् वकिलाने खिशातून एनएफसीवालं नवं व्हिजिटिंग कार्ड काढलं. "फोन टेकवा, नंबर सेव्ह. कागद बंद करा आता, झाडं कापून राहिले लोकं."

प्रेसवाला बंडू तडकला. "कोणतं झाड बे? बल्लारपूरच्या गिरणीत वर्षानुवर्षं चंद्रपूर-गडचिरोलीचा बांबू गेला. तोडला तरी पुन्हा फुटतो तो."

"फुटतो, पण त्याच्यावर हक्क कोणाचा होता?" मास्तर म्हणाले. "वनहक्क कायदा २००६ चा. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखा गावच्या लोकांना स्वतःच्या जंगलातला बांबू विकायला वाहतूक परवाना मिळाला २०११ मध्ये. कागद स्वस्त पडत होता तो असा."

यावर कोणी बोललं नाही. बोलण्यासारखं नव्हतंच.

मग मी हिशेब मांडला. साडेतीन बाय दोन इंचाचं कार्ड, कागद ३०० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम; एक कार्ड साधारण १.४ ग्रॅम. हजार कार्डं दीड किलोच्या आतच. एवढ्या कागदाने जंगल बुडतं असं मी म्हणणार नाही. मला सलतो तो त्याच्यावरचा थर.

दोन वर्षांपूर्वी मी हजार कार्डं छापली होती, दोन्ही बाजूंनी मॅट लॅमिनेशन. पुढे ऑफिस हललं, नंबर बदलला. सातशेच्या आसपास अजून ड्रॉवरमध्ये आहेत. रद्दीवाल्याने गठ्ठा उचलला, बोट फिरवलं आणि परत दिला. त्यातलंच एक मी टपरीवर फाडून दाखवलं. कागद फाटला, पण कडेला पारदर्शक पापुद्रा ताणून लोंबत राहिला. प्लास्टिकच ते. कागदापासून सुटत नाही, म्हणून लगद्यातही चालत नाही. १ जुलै २०२२ च्या एकदाच वापरायच्या प्लास्टिकवरच्या बंदीत निमंत्रणपत्रिकेवर गुंडाळायची फिल्म आली, व्हिजिटिंग कार्ड मात्र त्या यादीत नाही.

"गिऱ्हाईकच मागते ना भाऊ," बंडू म्हणाला. "लॅमिनेशन नसलं तर घामानं मळते, कोपरे फुटते. अन् एकदा प्लेट लावली की शंभर काय, हजार काय!"

त्याचं चूक नाही. पण वकिलाचं कार्डही सुटत नाही. पीव्हीसी, आत चिप, भोवती तारेचं वेटोळं. ते ना रद्दीत जातं ना भंगारात. फोन तर खिशात आहेच, त्याच्याच स्क्रीनवर क्यूआर दाखवला की झालं. एका स्कॅनने कोराडीच्या वीजकेंद्रात मूठभर कोळसाही जास्त जळणार नाही. फोनचा मोठा बोजा पडतो तो फोन बनताना. तो आपण आधीच विकत घेऊन बसलोय, मग वर आणखी एक प्लास्टिक कशाला?

"अन् आमच्या आईनं काय करावं?" मास्तरांनी विचारलं. "बोअरच्या मिस्त्रीचं कार्ड तिनं देवघराच्या फळीला खोचून ठेवलंय. स्क्रीनवरचं काय खोचणार ती?"

हे मला पटलं. अशा घरांसाठी कागद हवाच, पण उघडा आणि लागेल तेवढाच.

"शंभर पाहिजेत तर डिजिटल छपाईच्या मशीनवर काढून देतो," बंडू शेवटी म्हणाला. "महाग पडतीन."

"पडू दे. लॅमिनेशन नको, आणि मागची बाजू कोरी ठेव, लिहायला." मी तिथेच मोबाइलवरून मजकूर पाठवला, नवा नंबर दोनदा तपासून.